फाळका खाली पडतो, म्हणजे ती महायुद्धातली जीप नव्हे

पत्र: आमचं गाव देवळी तालुक्यात. यंदा कापूस विकून हाती थोडे पैसे आले. जवळच्या एका बंद जिनिंगच्या शेडात हिरवी जीप उभी आहे. मालक म्हणतो, "दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलिस हाये, बर्मातून आलेली, चार लाखाच्या खाली बोलूच नका." स्टेअरिंग उजवीकडे, समोरच्या जाळीला सात फटी, बॉनेट चांगलं उंच, मागचा फाळका साखळीवर खाली पडतो, इंजिन मॅटॅडोरचं डिझेल. आरसी बुकावर १९७१ साल आहे, पण मालकाच्या मते ती लिलावानंतरची नोंद. शिवाय आठवडी बाजारातल्या कबाड्याकडून मी तीन वस्तू घेतल्या. वीस लिटरचा लोखंडी कॅन (त्यानं 'जर्मन' म्हणून दिला), पितळेचं एक मोठं नळकांडं, आणि सहा टोकांचा तांबूस तारा. ताऱ्यावर इंग्रजीत 'द बर्मा स्टार' आहे, मागे नंबर, नाव आणि शेवटी 'महार' असं ठोकलेलं आहे. हा तारा घासून चमकवून विकला तर काही येतील का? कबाड्याकडे अजून एक वस्तू आहे, माशासारखी लोखंडी, शेपटीला पंख. आठशे म्हणतो. पुढच्या बाजारी आणू का? बायको म्हणते, "घरात काय कमी कबाड हाये का?"
– एक वाचक, जि. वर्धा

भाऊ, तुमच्या पत्रातली शेवटची वस्तू आधी घेतो, कारण जीप थांबू शकते, ती नाही.

माशासारखं अंग आणि शेपटीला पंख, हे वर्णन उखळी तोफेच्या, म्हणजे मॉर्टरच्या गोळ्याचं आहे. आणू नका. आठशेला नको, फुकट दिला तरी नको. आत दारू शिल्लक आहे की नाही हे बाहेरून बघून कळत नाही, आणि गंज चढला म्हणजे तो निकामी झाला असंही नाही. उलट जुना झाला की तो कधी काय करेल याचा भरवसा उरत नाही. तुम्हाला पुलगाव सांगायची गरज नाही. २० नोव्हेंबर २०१८ला पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याचं काम चालू असताना स्फोट झाला आणि ६ जण गेले. ते काम निदान ठरवून दिलेल्या जागी तरी चाललं होतं. इथे तर वस्तू बाजारात तराजूच्या बाजूला पडली आहे आणि उद्या कोणी तिचं पितळ वेगळं करायला हातोडा घेईल. तुम्ही ती उचलून पोलीस ठाण्यात न्यायचा शहाणपणाही करू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या, आसपासची पोरं हटवा आणि ११२ला फोन लावा. बॉम्बशोधक पथक येईल आणि काय ते बघेल. कबाड्याला आधी नीट सांगा, बहुतेक त्यालाही माहीत नसेल. फोन मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.

आता जीप.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनातच उत्तर आहे. ती महायुद्धातली नाही. ती सीजे-३बी आहे, आपल्याकडे महिंद्रानं वर्षानुवर्षं बनवलेली. उंच बॉनेट हीच तिची ओळख. विलिस कंपनीनं नवं इंजिन आणलं, त्याचे हवा-पेट्रोल आत घेणारे (इनटेक) व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आल्यामुळे ते जुन्यापेक्षा उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेट वर न्यावं लागलं. हे मॉडेल अमेरिकेत आलं १९५३ साली, म्हणजे युद्ध संपून ८ वर्षं झाल्यावर. आरसीवरचं १९७१ साल मालक झटकतो, त्यात तथ्य असू शकतं. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या गाडीची आरटीओत नोंद उशिरानंच होते. पण नोंद उशिरा झाली म्हणून बॉनेट उंच होत नाही.

मग महायुद्धातली जीप दिसते कशी? हे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्राचा सूर बघता ही तुमची शेवटची जीप नाही.

१९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. विलिसच्या मॉडेलचं नाव एमबी, फोर्डच्या मॉडेलचं जीपीडब्ल्यू. आराखडा एकच, त्यामुळे लांबून दोन्ही सारख्याच. समोरच्या जाळीला ९ उभ्या फटी. (अगदी सुरुवातीच्या विलिस गाड्यांना फटींऐवजी वेल्डिंग केलेल्या लोखंडी पट्ट्या होत्या. तशी तुम्हाला आपल्या भागात दिसली तर आधी मला फोटो पाठवा, मग मालकाशी बोला.) युद्धानंतर सामान्य गिऱ्हाइकासाठी काढलेल्या जीपला ७ फटी आणि बाहेर आलेले मोठे हेडलाइट. लष्करी जीपचे हेडलाइट लहान, जाळीच्या मागे दडलेले, आणि विंग नट सैल केला की अख्खा दिवा उलटा फिरून इंजिनावर उजेड टाकणारा. रात्री इंजिन उघडून काम करता यावं म्हणून केलेली ही सोय, आणि मला विचाराल तर त्या गाडीतली सगळ्यात हुशार गोष्ट.

मागे फाळका नाही. पत्रा सलग, त्याच्यावर स्टेपनी आणि कॅनची चौकट. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत चाकाच्या कमानीपाशी पत्र्यातच केलेल्या हत्यारांच्या पेट्या. फाळका उघडून मागून पोती चढवायची सोय शेतकऱ्यासाठी आली, ती युद्धानंतर. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या गादीखाली, त्यामुळे पेट्रोल भरायला ड्रायव्हरला उठावं लागे. बाहेरून पत्र्यात झाकण दिसलं की गाडी नंतरची. ड्रायव्हरच्या बाजूला पत्र्यात कुऱ्हाड आणि फावडं बसवायचे खोलगट साचे. आणि स्टेअरिंग डावीकडे. युद्धकाळातल्या सगळ्या जीप डाव्या स्टेअरिंगच्याच निघाल्या. मात्र आपल्याकडे नंतर काहींचं स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं गेलं, म्हणून एवढ्या एका गोष्टीवरून निकाल देऊ नका.

खरी परीक्षा खाली आहे. गोणपाट अंथरा आणि समोरच्या बंपरमागे बघा, रेडिएटरच्या खाली. चेसिसच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा भाग गोल पाइप असेल तर विलिस, चौकोनी पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डला आपल्या सुट्या भागांचा इतका अभिमान की बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा वळणदार इंग्रजी 'एफ' उठवलेला. चिखल खरवडून असे दहा-बारा बोल्ट सापडले तर मन थोडं खूश होऊ द्यायला हरकत नाही. चेसिस नंबर विलिसमध्ये डाव्या दांडीच्या आतल्या बाजूला रिवेट केलेल्या पट्टीवर, फोर्डमध्ये त्याच दांडीच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला. मूळ इंजिन ४ सिलिंडरचं, २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं पेट्रोल, आणि सगळी वायरिंग ६ व्होल्टची. इंजिनाचा नंबर 'एमबी' किंवा 'जीपीडब्ल्यू' या अक्षरांनी सुरू होतो.

हे सगळं सांगायचं कारण, जाळी बदलता येते. सात फटींची कापून नऊ फटींची बसवायला वेल्डरला एक दुपार पुरते. हरियाणातल्या मंडी डबवालीला तर जुन्या जीप हव्या त्या रूपात बांधून देण्याचा धंदाच आहे, आणि त्यात वाईट काही नाही, विकताना खरं सांगितलं तर. डॅशबोर्डवरच्या पितळी पाट्याही नव्या छापून मिळतात. म्हणून जे सहज दिसतं ते शेवटी बघा. आधी गादीखाली, चेसिसखाली, डॅशबोर्डच्या मागे. तिथे ब्लेडनं रंग थोडा खरवडा. तळाचा थर मळकट शेवाळी, त्यावर दुसरा हिरवा, त्यावर कोण्या मालकाचा निळा, असं निघालं तर गाडीनं काहीतरी पाहिलंय. पुट्टीवर एकच ताजा हिरवा असेल तर पेंटरनं पाहिलंय.

तुमच्या जीपच्या बाबतीत एक शक्यता मात्र सोडून देऊ नका. आपल्या लष्करानंही महिंद्राच्या जीप वापरल्या. बॉनेटवर किंवा बंपरवर रंगाखाली वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे आकडे निघाले, तर ती खरोखर लष्करातून आलेली आहे. महायुद्धातली नव्हे, पण लष्करी. मालकाचं निम्मं बोलणं खरं ठरेल, किंमत त्या हिशेबानं ठरवा.

आपल्याकडे ही गल्लत पावलोपावली होते. कामठीची छावणी १८२१ची, पुलगावचा दारूगोळा डेपो, वर जबलपूरचे कारखाने, त्यामुळे डिस्पोजलची, म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली गाडी विदर्भात नवलाची नाही. आणि हिरवी दिसली की ती 'महायुद्धातली' होऊन बसते. आपल्या लष्कराचा शक्तिमान ट्रक महायुद्धातला म्हणून दाखवणारे लोक आहेत. तो जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायला लागला तेच १९५९च्या सुमारास. लष्कराची जोंगा जीप तर त्याच्याही नंतरची, निसानच्या गाडीवरून घेतलेली, ६ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली. ती विकत घेणं सोपं, तिला पाजणं अवघड. महायुद्धातला ट्रक खरंच कुठे पडलेला दिसला तर तो बहुधा कॅनडाचा निघेल. फोर्ड आणि शेव्हरोलेनं तिथे असे ४ लाखांहून जास्त बनवले. बसकं, चपटं नाक, आणि त्यांच्या शेवटच्या नमुन्यात समोरची काच वरच्या बाजूनं पुढे झुकलेली. काचेची चमक वरून विमानाला दिसू नये म्हणून ती तशी बसवलेली होती. एकदा पाहिली की विसरत नाही.

पैशांचं बोलू. चार लाख ही गोष्टीची किंमत आहे, गाडीची नाही. वर्ध्यातल्या दोन वेगवेगळ्या मिस्त्रींना विचारा की मॅटॅडोर इंजिनाची जुनी महिंद्रा जीप काय भावानं जाते, आणि तिथून बोलणी सुरू करा. बयाणा देण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर स्वतः बोट फिरवून वाचा. इंधनाच्या रकान्यात डिझेल आहे का आणि मॅटॅडोरच्या इंजिनाचा नंबर चढवलेला आहे का, तेही बघा. परवानगीशिवाय असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही, आणि तो निस्तरायचा खर्च शेवटचा मालक करतो, म्हणजे तुम्ही. कोणी सांगेल की ५० वर्षं झाली, 'व्हिंटेज' नोंद करून घ्या. २०२१पासून तशी सोय आहे खरी: नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, इंजिन बदललेली चालत नाही. शिवाय तशी नोंद झाली की ती रॅलीत, प्रदर्शनात मिरवायची. रोज शेतात न्यायची नाही. तुम्हाला वावरात फिरवायची असेल तर त्या भानगडीत पडू नका. आणि मिस्त्रींच्या भावात मिळाली तर घ्या की. सीजे-३बी दणकट गाडी आहे, काळ्या मातीतून पावसाळ्यात निघते. फक्त गावात बर्माची गोष्ट सांगत फिरू नका.

कॅन बहुधा जर्मन नाही. नमुना मूळचा जर्मन हे खरं, म्हणून ते नाव चिकटलं, पण युद्धात इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी त्याची नक्कल केली आणि लाखोंनी कॅन काढले. तुमच्या कॅनचं तोंड बघा. दांडा दाबून बंद होणारं झाकण असेल आणि अंगावर 'डब्ल्यू', मध्ये बाण, मग 'डी' असं उठवलेलं असेल तर तो ब्रिटिश. बाजूला सालही सापडेल. पेचाचं झाकण असेल तर अमेरिकन. तो बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण, हत्यारापासून घोंगडीपर्यंत सगळ्यांवर मारलेली. कॅन आतून गंजला नसेल तर डिझेलला वापरा. पिण्याचं पाणी मात्र त्यात भरू नका.

पितळी नळकांडं आधी पालथं घालून बूड वाचा. '२५ पीआर' असं असेल तर ते २५ पौंडी तोफेचं काडतूस. त्या तोफेत गोळा वेगळा आणि पितळी काडतूस वेगळं भरत, त्यामुळे तोंड साधं, गोळा पकडायची घडी नसलेलं. महत्त्वाचं म्हणजे बुडाच्या मधोमध जो पेचाचा गोल भाग आहे, त्यावर ठोका बसून पडलेला खळगा दिसतो का ते बघा. खळगा असेल आणि आतून रिकामं असेल तर ते डागलेलं काडतूस आहे, दिवाणखान्यात ठेवा, फुलं लावा. खळगा नसेल तर तेही त्या माशाच्याच यादीत, ११२. रायफलची बारकी काडतुसं कबाड्याच्या डब्यात मिळतात, त्यांच्या बुडावर 'के', 'एफ' आणि साल दिसतं, ती आपल्या खडकीच्या कारखान्याची. डागलेली असतील तर ठीक. टोक असलेलं, भरलेलं एक जरी घरात सापडलं तर शस्त्र कायद्याखाली तुम्ही अडकता, आठवण म्हणून ठेवलं होतं हे कोणी ऐकत नाही.

आणि तारा. पत्रात तुम्ही त्याला जीपच्या आणि माशाच्या मध्ये दोन ओळी दिल्या आहेत. तुमच्या सगळ्या खरेदीत दाखवायला न्यावी अशी हीच एक वस्तू.

बर्मा स्टार हे ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात बर्माच्या मोहिमेत असलेल्यांना मिळालेलं पदक. मध्ये मुकुट आणि सहाव्या जॉर्जची अक्षरं. फीत असती तर मध्ये रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ दिसली असती. ब्रिटिश शिपायांना दिलेल्या ताऱ्यांवर नाव नसे. भारतीय शिपायांच्या ताऱ्यांवर मागे नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकून मिळे. नकली तारे आज बाजारात भरपूर आहेत, पण ते मागे बहुधा कोरे असतात. तुमच्याकडच्यावर अक्षरं एका उंचीची, ठोकलेली असतील तर तो खरा असण्याकडे माझा कल आहे.

त्यातही 'महार'. महारांची भरती इंग्रजांनी आधी बंद केली, पहिल्या महायुद्धात पुन्हा सुरू केली आणि युद्ध संपल्यावर ती पलटण मोडली. पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत आले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कुठे उभी राहिली माहीत आहे? कामठीला. आणि बर्माच्या मोहिमेत गेली ती हीच दुसरी. त्यामुळे तुमच्या ताऱ्यावरचा माणूस वर्धा, नागपूर, भंडारा याच पट्ट्यातला असण्याची शक्यता चांगली आहे, आणि त्याची नातवंडं तुमच्यापासून दोन एसटी थांब्यांवर राहत असतील. नाव मी इथे छापत नाही, तुम्हीही फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका. उद्या दहा जण नातू म्हणून उभे राहतील.

घासून चमकवू नका. चिंच नाही, राख नाही, पितांबरी तर नाहीच. घासल्यानं अक्षरं झिजतात आणि तीच तर ओळख. कोरड्या सुती कापडात गुंडाळा. मग मागचा नंबर अक्षर न् अक्षर कागदावर उतरवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या. एक प्रत मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंटच्या केंद्राकडे टपालानं पाठवा. कुटुंब सापडलं तर पैसे घ्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तुमच्या जागी असतो तर चहा घेतला असता.

पण या सगळ्याच्या आधी कबाड्याकडे जा, पुढच्या बाजाराची वाट न बघता. तारा कोणत्या गावच्या भंगारात आला ते त्याला आज आठवत असेल, महिन्यानं आठवणार नाही. गावाचं नाव कळलं तर तिथल्या बुद्ध विहारात जाऊन म्हाताऱ्यांना विचारा, कार्यालयाच्या उत्तराआधी तुम्हाला घर सापडेल. आणि त्याच पोत्यातून दुसरं काही निघालं होतं का तेही विचारा. बर्मा स्टार मिळालेल्या माणसाला बहुधा १९३९-४५ स्टार आणि वॉर मेडलही मिळालेलं असतं. पहिला अगदी तुमच्या ताऱ्यासारखाच, दुसरं गोल, चांदीसारखं पांढरं, त्याच्याही कडेवर नाव असायला हवं. दोन्ही अजून त्याच्या दुकानात पडलेली असतील तर तेवढी घेऊन या.